ग्राहकाला पैसे मिळतील त्याच एटीएमपर्यंत पोचवायचं कसं?

बँकेच्या ॲपमधलं ‘जवळचं एटीएम’ हे बटण बहुतेक वेळा नकाशावर टाचण्या टोचून मोकळं होतं. समजा लातूरच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यात आठ टाचण्या दिसल्या. दोन ठिकाणी खडखडाट, एक मशीन शाखेच्या शटरआड, एक दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या गल्लीत हललेलं, एकावर ‘लिंक नाही’. शहरातला माणूस वैतागून तीन मशिनं फिरेल आणि चौथ्यावर पैसे काढेल. पण गेवराईच्या गोदाकाठावरून किंवा औंढ्याच्या पलीकडच्या वाडीवरून काळी-पिवळीत बसून आलेल्या माणसाचा त्यात दिवस जातो, आणि भाडं जातं ते वेगळंच.

म्हणून कामाची व्याख्या आधी पक्की करा. ग्राहक आत्ता जिथं आहे तिथून, त्याला जाता येईल अशा रस्त्यानं, त्याला हवी ती रक्कम आत्ता देऊ शकेल असं मशीन शोधायचं आहे. ग्राहक कुठं आहे हे फोन बराचसा सांगतो. बाकीचं सगळं बँकेनंच करायचं असतं, आणि मेहनत तिथंच लागते. नागरी सहकारी बँका, जिल्हा बँका आणि त्यांच्यासाठी ॲप बांधणारे छोटे चमू यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचा क्रम दिला आहे.

आधी यादी, मग नकाशा

प्रत्येक मशिनाला स्विचमध्ये, म्हणजे एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या बँकेच्या मध्यवर्ती यंत्रणेत, आठ अक्षरांचा टर्मिनल आयडी असतो. यादीची किल्ली तोच, पत्ता नव्हे. व्यवहाराच्या संदेशात ठिकाणाच्या नावासाठी एकूण ४० अक्षरांचीच जागा असते आणि त्यात रस्ता, गाव, राज्य, देश सगळं कोंबायचं असतं. त्यामुळे स्विचमधला पत्ता ‘शिवाजी चौक’ इथवर येऊन तुटतो. शिवाजी चौक तर मराठवाड्यात जवळपास प्रत्येक गावात आहे. असे तुटके पत्ते नकाशाच्या सेवेला देऊन त्यावरून अक्षांश-रेखांश काढले की उदगीरचं मशीन निलंग्यात जाऊन बसतं. हा शॉर्टकट घेऊ नका.

माणूस पाठवून मोजून घ्या. शाखेतला कर्मचारी किंवा देखभालीला जाणारा तंत्रज्ञ हे काम दहा मिनिटांत करतो. मशीनच्या खोलीत उभं राहून मोजायचं नाही, कारण स्लॅबखाली उपग्रहाचा सिग्नल भिंतींवरून परावर्तित होऊन येतो आणि टाचणी समोरच्या दुकानात पडते. दाराबाहेर मोकळ्या आकाशाखाली यावं, लोकेशन चालू करून मिनिटभर थांबावं, फोन दाखवत असलेली अचूकता १० मीटरच्या आत आली की नोंद घ्यावी. अशा तीन नोंदी घेऊन मधली ठेवावी. दशांशानंतर पाच अंक पुरतात. पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटर, चौथा म्हणजे ११ मीटर, तिसरा म्हणजे ११० मीटर.

त्याच फेरीत दाराचा फोटो घ्यावा, शटर किती वाजता पडतं ते विचारावं, पायऱ्या आहेत की उतार आहे, पैसे भरायची सोय आहे का, हे सगळं लिहून घ्यावं. आणि लोक त्या जागेला काय म्हणतात ते शेजारच्या टपरीवर विचारावं. ‘स्टँडसमोरचं’, ‘जुन्या मोंढ्याच्या कमानीजवळचं’ ही ओळख पुढं नकाशापेक्षा जास्त कामाला येते.

यादी हातात आल्यावर चार चाचण्या लावा. पहिली चौकटीची. मराठवाड्यातल्या मशिनाचा अक्षांश १७.५ ते २०.७५ आणि रेखांश ७४.५ ते ७८.५ यांच्या बाहेर असेल तर नोंद नाकारायची. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक. लातूरचे १८.४० आणि ७६.५६ हे आकडे उलटे भरले तर टाचणी नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्डच्या समुद्रात पडते. दोन्ही रकाने रिकामे राहिले तर शून्य-शून्य, म्हणजे आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात.

दुसरी चूक चौकटीतही सापडत नाही, म्हणून ती जास्त त्रासाची. लातूर १८ अंश २४ मिनिटांवर आहे. कुणीतरी ते १८.२४ असं भरतो. पण एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून २४ मिनिटं म्हणजे ०.४०. या एका गफलतीनं मशीन सतरा-अठरा किलोमीटर दक्षिणेला, थेट औशाच्या रेषेत सरकतं, आणि आकडा दिसायला अगदी रास्त असतो. पकडायचा उपाय असा: प्रत्येक मशिनाचं त्याच्या तालुक्याच्या गावापासूनचं अंतर काढा आणि यादीत लिहिलेल्या गावाशी ताडून पाहा. तिसरी चाचणी, दोन मशिनांचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे असतील तर बहुधा शाखेचाच आकडा बाहेरच्या मशिनालाही चिकटवलेला असतो. चौथी, सहा महिन्यांत ज्या टर्मिनल आयडीवर एकही व्यवहार नाही तो यादीतून आपोआप बाजूला पडला पाहिजे.

फोनला विचारायचं कधी आणि कसं

ॲप उघडताक्षणी लोकेशनची परवानगी मागू नका. ग्राहक नुकताच पासवर्ड टाकून आत आलेला असतो, फसवणुकीच्या बातम्या रोज ऐकत असतो. तो ‘नाही’ दाबणार आणि त्याचं बरोबरच आहे. आयफोनवर एकदा नकार मिळाला की ॲपला तो प्रश्न पुन्हा दाखवता येत नाही. अँड्रॉइड ११ पासून दोन नकारांनंतर तेच होतं. म्हणून ‘पैसे कुठं मिळतील’ हे बटण दाबल्यावरच, आधी आपल्या शब्दांत सांगून मग विचारा:

‘तुमच्या जवळचं चालू एटीएम दाखवण्यासाठी तुमचं ठिकाण एकदाच लागेल. ते तुमच्या खात्याशी जोडून आम्ही साठवून ठेवत नाही. नको असेल तर गावाचं नाव टाका.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नकार देणाऱ्यालाही उत्तर मिळालंच पाहिजे.

अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून ग्राहक ‘अंदाजे ठिकाण’ एवढीच परवानगी देऊ शकतो. अँड्रॉइडवर तेव्हा साधारण तीन चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात कुठंतरी एवढंच कळतं. ॲप त्यावर अडून बसता कामा नये. वाळूज किंवा सिडकोसारख्या दाट भागात अंदाजे ठिकाणावरून क्रम लावणं धोक्याचं, पण सेलू किंवा किनवटसारख्या गावात तेवढ्यावर गाव तरी बरोबर सापडतं आणि पुष्कळदा तेवढंच पुरतं.

संकेतस्थळावरून ठिकाण घ्यायचं असेल तर पान सुरक्षित जोडणीवरच हवं. साध्या जोडणीवर क्रोमनं ही सोय २०१६ पासून बंद केली आहे. ब्राउझर तीन प्रकारच्या चुका कळवतो: परवानगी नाही, ठिकाण मिळत नाही, वेळ संपली. तिन्हींना वेगवेगळं उत्तर द्या. परवानगी नसेल तर गावाचं नाव विचारा. ठिकाण मिळत नसेल तर फोनचं लोकेशनच बंद आहे का ते सांगा. वेळ संपली असेल तर दाराबाहेर येऊन पुन्हा दाबायला सांगा. तिन्हींना ‘काहीतरी चुकलं’ एवढंच दाखवणाऱ्या ॲपमुळे शाखेत फोन वाजत राहतात.

थांबायचं किती? फोनकडे दोन मिनिटांच्या आतलं जुनं ठिकाण असेल तर ते लगेच वापरून यादी दाखवा आणि मागून नेमकं ठिकाण मागवत राहा. नव्यासाठी आठ सेकंदांची मर्यादा ठेवा. इंटरनेट नसताना फोनला उपग्रहाकडूनच त्याच्या कक्षेची माहिती उतरवून घ्यावी लागते, आणि त्याला अर्धा मिनिट सहज लागतो. नेटवर असलेला फोन तीच माहिती नेटवरून घेऊन काही सेकंदांत मोकळा होतो. म्हणून एकाच गल्लीत एकाचा फोन पटकन सांगतो आणि दुसऱ्याचा फिरत राहतो.

आकड्याबरोबर आलेलं वर्तुळ

फोन ठिकाण सांगताना अचूकताही मीटरमध्ये सांगतो, म्हणजे त्या ठिकाणाभोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या, आणि बहुतेक ॲपं ती फेकून देतात. मोकळ्यावर उपग्रहावरून साधारण ५ मीटर, बाजारपेठेत वायफायवरून काही दशक मीटर, आणि नुसत्या टॉवरवरून काहीशे मीटर ते कित्येक किलोमीटर. आपल्याकडं गावांमध्ये टॉवर विरळ असतात, त्यामुळे शेवटचा आकडा बऱ्याचदा मोठाच येतो. शिवाय अँड्रॉइडच्या हिशोबात माणूस त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्केच धरलेली असते. तीनातला जवळपास एक त्याच्या बाहेर असतो.

यावरून नियम असा बसवा. वर्तुळ १०० मीटरच्या आत असेल तर अंतरासह यादी दाखवा. १०० मीटर ते दीड किलोमीटर असेल तर ‘सुमारे’ म्हणून दाखवा. त्याहून मोठं असेल तर ‘तुम्ही आष्टीजवळ आहात का?’ असं गावाचं नाव घेऊन विचारा. आणि पहिल्या दोन मशिनांच्या अंतरातला फरक वर्तुळाच्या आकड्याच्या दुपटीहून कमी असेल तर त्यांचा क्रम उलटाही असू शकतो; तिथं ‘सगळ्यात जवळचं’ असा शिक्का मारू नका, दोन्ही सारखीच दाखवा.

इंटरनेटच्या पत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) ठिकाण काढायचा मोह पूर्ण टाळा. मोबाइल कंपन्यांची वाहतूक मोठ्या शहरातल्या केंद्रांतून बाहेर पडते, त्यामुळे परभणीचा ग्राहक मुंबईत किंवा पुण्यात दिसतो. चुकीचं शहर दाखवण्यापेक्षा विचारलेलं बरं.

गावाचं नाव टाकलं तर

इथं स्थानिक माणूस कामाला लागतो. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये अधिकृत झाली, पण औरंगाबाद आणि उस्मानाबाद टाकणारा ग्राहकही तिथंच पोचला पाहिजे. अंबाजोगाईला जुनी माणसं अजून मोमिनाबाद म्हणतात. औंढा, औढा, औंढा नागनाथ, उमरगा, उमरगे, लोकांचं स्पेलिंग मराठीतही बदलतं आणि इंग्रजी अक्षरांत टाकलं तर आणखी बदलतं. प्रत्येक गावाला पाच-सहा पर्यायी नावांची यादी जोडा. वडगाव, पिंपळगाव, टाकळी ही नावं डझनांनी आहेत, म्हणून तालुका दाखवल्याशिवाय निवड करू देऊ नका.

पिनकोड चालतो, पण तो टपाल वाटपाचा इलाखा आहे, एक बिंदू नव्हे. लातूर शहराचा ४१३५१२ घेऊन यादी उघडायला हरकत नाही, त्यावरून ‘३.२ किलोमीटर’ असं अंतर मात्र लिहू नका.

अंतर म्हणजे रस्ता

गोल पृथ्वीवरचं सरळ अंतर काढायचं सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून ते एका ओळीत निघतं. सूत्र टाळून नुसत्या अंशांची वजाबाकी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आपल्या १९ अंशांच्या आसपास उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, तर पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचाच असतो.

खरी अडचण गोदावरीची आहे. गेवराई तालुक्यातल्या काठावरच्या गावातून समोर अंबड तालुक्यातलं गाव डोळ्यांना दिसतं. सरळ रेषेत दोन किलोमीटर. पण शहागडच्या पुलावरून वळसा घातला की तेच अंतर कुठल्या कुठं जातं. नाथसागराच्या काठावर तर याहून वाईट. पैठणच्या पश्चिमेला सरळ रेषा थेट पाण्यातून जाते. बालाघाटच्या डोंगररांगेतही समोर दिसणारं गाव घाटानं लांब पडतं. ग्राहकाला ‘२ किमी’ दाखवून नदीवर आणून उभं केलं तर तो ते ॲप पुन्हा उघडणार नाही.

उपाय महाग नाही. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशाचे रस्ते घेऊन रस्त्याचं अंतर काढणारा सर्व्हर बँकेला स्वतःच्या यंत्रावर बसवता येतो. नकाशाच्या श्रेयाची ओळ तेवढी दाखवावी लागते. प्रत्येक मशिनाचं रस्त्याचं अंतर काढत बसायचं नाही. मशिनं सरळ अंतरानं ओळीत लावायची आणि एकेकाचं रस्त्याचं अंतर काढत जायचं. रस्ता सरळ रेषेपेक्षा कधीच कमी नसतो. म्हणून पुढच्या मशिनाचं सरळ अंतरच जर आतापर्यंतच्या तिसऱ्या उत्तम रस्त्याच्या अंतरापेक्षा जास्त झालं, तर तिथं थांबायचं. पहिली तीन पक्की झाली. ‘जवळची दहा घ्या’ असा ठोक नियम लावला तर काठावरच्या गावात दहाच्या दहा पलीकडची निघू शकतात.

शोधाची त्रिज्याही ठोक नको. संभाजीनगरच्या क्रांती चौकात तीन किलोमीटर पुष्कळ झाले, माहूरच्या डोंगराळ भागात तीस किलोमीटरही कमी पडतील. आणि जिल्ह्याच्या, राज्याच्या सीमेवर यादी कापू नका. तुळजापूरच्या दक्षिणेकडच्या गावांना सोलापूर जवळ, उदगीरच्या लोकांचं बिदरला जाणं-येणं, किनवटचं आदिलाबादला, देगलूर तर तेलंगणाच्या तोंडाशी. पैसे काढताना माणूस सीमा पाहत नाही.

मशीन जिवंत आहे का

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

स्वतःच्या मशिनांची स्थिती स्विचमध्ये असतेच. १ ऑक्टोबर २०२१ पासून एखादं एटीएम महिन्यात एकूण १० तासांहून जास्त पैशाविना राहिलं तर रिझर्व्ह बँक त्यामागं १०,००० रुपये दंड लावते, त्यामुळे खडखडाटाचा हिशोब बँका ठेवतातच. ती माहिती अहवालात पडून राहते. तीच दर पाच मिनिटांनी ॲपच्या यादीत आणा.

पण स्थितीचा रकाना खोटंही बोलतो. मशीन ‘चालू’ दाखवतं आणि प्रत्यक्षात नोट अडकलेली असते, कार्ड वाचणारा भाग मेलेला असतो, नाहीतर खोलीचं शटर पडलेलं असतं. सगळ्यात भरवशाची खूण एकच: शेवटचा यशस्वी व्यवहार किती वेळापूर्वी झाला. दहा मिनिटांपूर्वी कुणीतरी पैसे काढले असतील तर दार उघडं आहे, वीज आहे, लिंक आहे, नोटा आहेत, हे सगळं एकाच वेळी सिद्ध होतं.

शांतता किती झाली म्हणजे शंका घ्यायची, हे प्रत्येक मशिनाच्या चालीवरून ठरवा. समजा एखादं मशीन दिवसाच्या बारा तासांत ९० वेळा पैसे देतं, म्हणजे सरासरी आठ मिनिटांनी एकदा. लोक आपापल्या वेळी येतात असं धरलं, तर चांगल्या मशिनावर सलग ४० मिनिटं कुणीच न येण्याची शक्यता हजारात सातच्या आसपास आहे. म्हणून सरासरीच्या पाचपट शांतता झाली की मशीन ‘शंकास्पद’ करून यादीत खाली ढकलायचं. दिवसाला ३० व्यवहार असलेल्या गावच्या मशिनाची सरासरी २४ मिनिटं, तिथं ही मर्यादा दोन तासांची होते. सरासरी तासागणिक वेगळी ठेवा, नाहीतर पहाटे तीनला सगळी मशिनं शंकास्पद होतील. आठवडी बाजाराचा वारही वेगळा धरा.

इशारा मिळाला म्हणून मशीन यादीतून काढून टाकायचं नाही. वरच्या ९० व्यवहारांच्या मशिनावर दीड-दोन दिवसांतून एकदा खोटा इशारा येणारच. ‘दीड तासात इथून कुणी पैसे काढलेले नाहीत’ असं सरळ लिहा. जवळ राहणारा जाऊन बघेल, लांबचा दुसरीकडं वळेल.

दुसऱ्या बँकांच्या आणि व्हाइट लेबल (बँकेतर कंपन्यांच्या) मशिनांची आतली स्थिती आपल्याला दिसत नाही. पण आपले ग्राहक तिथं कार्ड घालतात तेव्हा तो व्यवहार आपल्याच स्विचकडे मंजुरीला येतो, टर्मिनल आयडीसकट. मंजूर होऊन उलटला (रद्द होऊन रक्कम खात्यात परत गेली) नाही, म्हणजे मशिनानं पैसे दिले. मंजुरीनंतर लगेच उलटला, म्हणजे पैसे बाहेर आले नाहीत. लागोपाठ दोन उलटले की ते मशीन शंकास्पद. लहान बँकेचे ग्राहक थोडे, म्हणून ही खूण विरळ असते. तरी बसस्थानक आणि मोंढ्याच्या मशिनांवर तिचा चांगला उपयोग होतो.

आता संध्याकाळचा नियम, जो बहुतेक ॲपांत नसतो. गृह मंत्रालयाच्या नियमांनुसार फेब्रुवारी २०१९ पासून एटीएममध्ये रोकड शहरात रात्री ९ नंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर भरता येत नाही. म्हणजे वसमतजवळच्या एखाद्या खेड्यातलं मशीन साडेसहाला रिकामं झालं तर ते सकाळपर्यंत रिकामंच. ‘थोड्या वेळानं प्रयत्न करा’ हा संदेश तिथं चुकीचा आहे. त्याला सरळ ‘उद्या सकाळी’ म्हणा आणि दुसरं मशीन दाखवा.

खडखडाटाचे दिवस ठरलेले असतात. पगार-निवृत्तिवेतनाचा पहिला आठवडा, पीएम-किसानचे २,००० किंवा लाडक्या बहिणीचे १,५०० खात्यावर पडले त्यानंतरचे दोन दिवस, पोळा-दिवाळीच्या आधीचे दिवस, आणि ऊसतोडीहून माणसं गावी परततात तो काळ. तुळजापूरला नवरात्रात, लोह्याजवळ माळेगावच्या यात्रेत, परळीला महाशिवरात्रीला मशीन भरलेलं असलं तरी रस्ता बंद असतो आणि वाहनानं तिथं जाताच येत नाही. अशा दिवसांसाठी यादीत हातानं टीप घालायची सोय ठेवा. शाखाधिकाऱ्याला फोनवरून दोन मिनिटांत घालता आली पाहिजे.

किती पैसे हवेत, आणि किती कापले जातील

रक्कम विचारणारा एक रकाना ठेवा, भरणं ऐच्छिक. कारण असं की अनेक मशिनं एका वेळी ४० नोटाच देतात. पाचशेच्या नोटा संपून शंभरच्याच उरल्या असतील तर एका खेपेला ४,००० च्या वर निघत नाहीत, आणि १०,००० मागणाऱ्याला मशीन नुसतं नाही म्हणतं. उलट बाजूनं, २०० रुपये काढायला आलेल्या बाईला पाचशेच असलेलं मशीन बिनकामाचं. रिझर्व्ह बँकेनं ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कॅसेटमधून (नोटांच्या खणातून) १०० किंवा २०० च्या नोटा देण्याची सूचना दिलेली आहे, त्यामुळे कॅसेटची माहिती यादीत आणणं आता जास्तच उपयोगाचं.

शुल्काचं गणितही यादीतच दाखवा. बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला निदान पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांत तीन आणि इतरत्र पाच. मराठवाडा सगळा ‘इतरत्र’मध्ये येतो. शिल्लक पाहणंही यात मोजलं जातं. त्यानंतर १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये आणि वर कर. नोटा नसल्यानं किंवा तांत्रिक कारणानं फसलेला व्यवहार या मोजणीत धरायचा नसतो. ग्राहकाचे किती मोफत उरले हे बँकेला माहीत असतं. उरले असतील तर ३०० मीटरवरचं परकं मशीन वर दाखवा. संपले असतील तर दोन किलोमीटरवरचं आपलं मशीन आणि २३ रुपये यांतली निवड त्याच्यावर सोडा.

खेड्यांत बँकमित्राला यादीतून वगळू नका. त्याच्याकडच्या मायक्रो एटीएमवर (हातातल्या छोट्या यंत्रावर) आधारच्या अंगठ्यानं एका वेळी १०,००० पर्यंत पैसे मिळतात, आणि तो गावातच असतो. त्याच्या बसण्याची वेळ नोंदवा.

पडद्यावर काय दिसावं

नकाशा दुसऱ्या पानावर, यादी पहिल्या. उन्हात, तडा गेलेल्या काचेवर, मंद नेटवर नकाशा उघडतच नाही. एक नोंद अशी दिसावी:

‘जुना मोंढा, कमानीजवळ. रस्त्यानं १.४ किमी. ६ मिनिटांपूर्वी पैसे निघाले. ५०० आणि १०० च्या नोटा. रात्री १० पर्यंत. तुमचे मोफत व्यवहार उरले: २.’

एवढ्यात त्याला निर्णय घेता येतो. तीनच नोंदी दाखवा, बाकीच्या ‘आणखी’ खाली. पूर्ण उत्तर काही किलोबाइटमध्ये बसलं पाहिजे. रस्ता दाखवायचं काम फोनमधल्या नकाशाच्या ॲपवर सोपवा. फक्त त्याला नाव न देता अक्षांश-रेखांश द्या, नाहीतर ते नावावरून भलतीकडं नेतं.

मदतीचा फोन नंबर बँकेच्याच यादीतून दाखवा. सार्वजनिक नकाशांवर कुणीही नंबर बदलू शकतो, आणि बनावट ‘कस्टमर केअर’चे सापळे तिथंच लावलेले असतात.

प्रत्येक नोंदीखाली ‘इथं पैसे मिळाले नाहीत’ हे एकच बटण ठेवा. दहा प्रश्नांचा फॉर्म कुणी भरत नाही. खात्यातून कापले गेले पण मशिनातून आले नाहीत असं असेल तर तिथंच सांगा की व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत यायला हवी, आणि उशीर झाला तर दर दिवसामागं १०० रुपये भरपाई मिळते.

साध्या फोनवाल्यांसाठी हीच यादी आवाजावर द्या: नंबर लावायचा, पिनकोड दाबायचा, मराठीत दोन मशिनांची नावं आणि खुणा ऐकायच्या.

ठिकाणाची माहिती सांभाळणं

माणूस कुठं पैसे काढायला चालला आहे ही माहिती चोराच्या हातात गेली तर काय होईल, याचा विचार करून नोंदी ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घ्यावी लागते आणि ती त्याच कामापुरती वापरावी लागते. आमचा आग्रह त्याहून पुढचा आहे. शोध झाल्यावर ठिकाण तीनच दशांश अंकांपर्यंत आखूड करा, म्हणजे ११० मीटरचा ठोकळा उरतो. त्याला खाते क्रमांक, मोबाइल नंबर काहीही जोडू नका. कोणत्या भागातून शोध येतात आणि जवळ काही सापडत नाही, एवढं समजायला ते पुरतं, आणि नवं मशीन कुठं बसवावं याचा तो उत्तम पुरावा असतो.

ग्राहक एटीएमजवळून गेला की आपोआप संदेश पाठवायची कल्पना बैठकीत कुणीतरी मांडतोच. त्यासाठी चोवीस तास मागून ठिकाण वाचायची परवानगी लागते, बॅटरी खर्च होते, आणि एका ॲपला आयफोनवर २० व अँड्रॉइडवर १०० जागांवरच असं कुंपण घालता येतं. पैसे हवे असणारा माणूस स्वतः बटण दाबतो. ही सोय नको.

गावात जाऊन तपासणी

ऑफिसच्या वायफायवर सगळं छान चालतं. दोन-तीन वर्षं जुना, स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्या, पूर्ण मराठवाड्यासाठी निदान सहा ठिकाणं ठरवा: एक दाट बाजारपेठ, एक बसस्थानक, गोदाकाठचं एक गाव, घाटातलं एक, राज्याच्या सीमेवरचं एक, आणि नेट जेमतेम येतं असं एक. प्रत्येक ठिकाणी परवानगी देऊन, अंदाजे देऊन आणि नाकारून अशा तीन खेपा करा. पहिलं सुचवलेलं मशीन गाठा, रस्त्याचं अंतर गाडीच्या मीटरवर ताडा, आणि खरोखर १०० रुपये काढा. पावसाळ्यात ही फेरी पुन्हा करा, कारण व्हीसॅटवर (उपग्रहाच्या छोट्या डिशवर) चालणाऱ्या मशिनांची लिंक तेव्हाच जाते आणि ओढ्याला पाणी आलं की काही रस्ते बंद होतात.

फेरीचं माप एकच ठेवा: सुचवलेल्या पहिल्या मशिनावर किती वेळा पैसे हातात आले. टाचणी बरोबर जागी होती पण पैसे आले नाहीत, ती खेप नापास धरा आणि त्या टर्मिनल आयडीचा मागच्या चोवीस तासांचा व्यवहार काढून शंकेची मर्यादा कुठं चुकली ते त्याच दिवशी तपासा.